भट्टीवाल्याची साक्ष

माझं शिक्षण सातवी, आणि तीही पुरी झाली नाही. पण कारखान्यात शिकले-सवरलेले इंजिनीअर माझ्या मागे येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "दादा, काढायचा का?" काढायचा म्हणजे भट्टीतला लोखंडाचा तुकडा. लोखंड तापवून, तेलात बुडवून कडक करतात त्या शॉपमध्ये मी चौतीस वर्षं काढली. तुकडा किती तापला ते मी रंगावरून सांगायचो. आधी काळपट लाल, मग डाळिंबाच्या दाण्यासारखा, मग संत्र्याच्या सालीसारखा. डाळिंबाच्या जरा पुढे गेला की मी हात वर करायचो आणि तुकडा बाहेर यायचा.

एकदा नवीन मीटर आलं. ते सांगायचं एक आणि रंग दिसायचा दुसरा. मी म्हटलं, मीटर खोटं बोलतंय. साहेब तरुण होते, ते म्हणाले, "दादा, मीटर कसं खोटं बोलेल?" दोन दिवस आमची हुज्जत चालली. शेवटी भट्टी थंड करून बघितलं, तर मीटरची नळी तुकड्याजवळ नव्हतीच, भिंतीला चिकटून बसली होती. बिचारं मीटर भिंतीची गरमी इमानदारीनं सांगत होतं. तेव्हापासून मी नियमच करून टाकला. मीटर काय सांगतंय ते मागाहून बघू, आधी ते बसवलंय कुठे ते बघा.

आता आम्ही भोपाळातच, सोनागिरीत राहतो. मी, बायको, मुलगा, सून आणि आठवीतली नात. उन्हाळा लागला तशी ही नात एक थर्मामीटर घेऊन आली. शाळेत प्रोजेक्ट होता, पृथ्वी तापते आहे त्यावर. पंधरा दिवस रोज दुपारी गच्चीवरचं तापमान लिहायचं, आणि शेवटी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला वर्गात आणून विचारायचं की तुमच्या काळी उन्हाळा कसा होता. ज्याचा प्रोजेक्ट सगळ्यात चांगला, तो जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार. मागच्या वर्षी तिचा नंबर थोडक्यात हुकला होता, तेव्हा ती चार दिवस जेवणावर रुसली होती. म्हणून या वेळी घरात सगळ्यांना ताकीद होती.

मी गच्चीवर जाऊन बघितलं. थर्मामीटर जिन्याच्या पत्र्याच्या दारावर टांगलेलं, तेही पश्चिमेच्या बाजूला. मला हसू आवरेना.

"अगं, तू हवेचं तापमान घेतेस की दाराचं?"

"आबा, सगळ्यांनी असंच लावलंय."

"सगळ्यांनी विहिरीत उडी मारली तर?"

"आबा, आमच्याकडे विहीर नाहीये, बोअरिंग आहे. आता सांगा ना, कुठे लावू?"

मी जुन्या कूलरच्या पट्ट्या कापल्या आणि चारी बाजूंनी वारा जाईल अशी पेटी ठोकून दिली. उत्तरेच्या बाजूला, सावलीत, जमिनीपासून उंच बांधली. दारावरचंही तसंच राहू दिलं. दोन्हींत अंशांचा एवढा फरक येऊ लागला, की पोरगी रोज उड्या मारत खाली यायची. "आबा, दरवाजा बुखारमध्ये आहे!" मला तेव्हा जरा अभिमानच वाटला, नाही असं नाही.

पण त्याच वहीत शेवटच्या पानावर मी एक गोष्ट बघितली. निष्कर्ष लिहून तयार. 'यावरून सिद्ध होते की पृथ्वीचे तापमान वाढत आहे.' तेव्हा मोजणीचा चौथा दिवस होता.

"हे कधी सिद्ध झालं?"

"मॅडमनी पहिल्याच दिवशी लिहून दिलंय. सगळ्यांना सेम."

"म्हणजे तुकडा भट्टीत घालायच्या आधीच तो कडक झाला म्हणून कागद!"

"आबा, तुम्ही सुरू नका करू यार."

मी सुरू झालोच. मला ह्या पृथ्वी-वाचवाचा तसाही जरा रागच आहे. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक खड्डा आहे. दर वर्षी तिथे साहेब लोक येतात, रोप लावतात, फोटो काढतात. गाडी तोवर चालूच असते, एसी थंड राहावा म्हणून. रोपाला पाणी घालायला कोणी येत नाही. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप. मागच्या खेपेला मी विचारलं, "साहेब, झाडं मोजता की खड्डे?" ते हसले आणि माझाही फोटो काढून घेऊन गेले. अशा लोकांनी मला सांगायचं की पंखा कमी चालवा!

मग मी जाहीर करून टाकलं. वर्गात जाईन, पण जे खरं तेच सांगेन. भोपाळचा उन्हाळा तेव्हा होता तसाच आता आहे. मला काडीचा फरक वाटत नाही.

नातीचा चेहरा उतरला. "आबा, तुम्ही असं बोललात तर माझा प्रोजेक्ट गेला. निष्कर्ष एक आणि साक्षीदार दुसरंच बोलतोय. मॅडम मला कशाला नेतील?"

"मग खोटं बोलू?"

"खोटं नाही हो. थोडं... ॲडजस्ट."

"चौतीस वर्षांत मी एक तुकडा ॲडजस्ट केला नाही."

सून मध्ये पडली, मुलगा मध्ये पडला. मी हललो नाही. पोरगी बोलायची बंद झाली. वही घेऊन एकटीच गच्चीवर जायची, आकडे लिहून खाली यायची, मला दाखवायची नाही.

वर्गात जायला तीन दिवस राहिले होते. सकाळी माझा दोस्त चहाला आला. तो मूळचा उज्जैनचा, माझ्याच कारखान्यातला, पण सगळी नोकरी बाहेर यार्डात, उघड्यावर माल उतरवून घेण्यात गेली. मी त्याला हौसेनं सगळं सांगितलं. वाटलं, हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो बशी खाली ठेवून हसायलाच लागला.

"तुझी साक्ष? भाऊ, तुझ्या साक्षीला काय किंमत आहे? तू भट्टीवरून सुटायचास ना, तर मे महिन्यात भर दुपारी यार्डात येऊन छाती पसरून म्हणायचास, वा, काय मस्त हवा सुटली आहे! आम्ही इथे ओला गमछा डोक्यावर टाकून बसलेलो. सगळं यार्ड तुला शिव्या द्यायचं यार."

आतून बायको म्हणाली, "आणि घरी आल्यावर पंखा बंद करायचे. म्हणे गारठा वाटतोय. पोरगं घामानं निथळतंय आणि हे बनियनवर शर्ट चढवून बसलेत."

"मग, वहिनी! ह्याला काय विचारायचं उन्हाळ्याचं!"

दोघं मिळून हसले. मी म्हटलं, चहा झाला असेल तर उठा. तो हसत हसत गेला, आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

राग त्याचा नव्हता. राग आला, कारण तो खरं बोलला होता. माझं अंग चौतीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी टांगलेलं. त्याआधी बालपण खानदेशात, तिथल्या उन्हातून आलेल्या माणसाला भोपाळ म्हणजे तलावाकाठची हवाखोरी. असलं मीटर मला कोणी शॉपमध्ये आणून दिलं असतं तर मी हातात तरी धरलं असतं का? पोरीला पत्र्याच्या दारावरून हसलो, आणि स्वतः निघालो होतो साक्ष द्यायला.

हे कबूल करणं सोपं नव्हतं. घरात कोणाला काही बोललो नाही. पण मुद्दाम खोटं सांगायचं नाही तसं चुकीच्या मीटरनं खरंही सांगायचं नाही, एवढं मनाशी पक्कं केलं.

त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शाळेत गेलो. नात वही छातीशी धरून पुढे चालत होती. वर्गाच्या दाराशी फक्त म्हणाली, "आबा, प्लीज." बोलणं सगळं हिंदीतच झालं. मॅडम तरुण, हसतमुख, त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "आजोबा, मुलांना सांगा, तुमच्या वेळी उन्हाळा आजच्यापेक्षा कमी होता ना?"

मी उभा राहिलो. "मॅडम, मी ह्या कामाचा माणूस नाही."

नातीनं डोळे मिटून घेतले.

मी मुलांना भट्टी सांगितली, यार्डातली मस्त हवा सांगितली, बनियनवरचा शर्टही सांगितला. वर्ग खिदळायला लागला. म्हटलं, "मी परवापर्यंत घरी भांडत होतो की काही फरक पडलेला नाही. पण माझं मीटरच भट्टीजवळ बसवलेलं. मी गरम म्हटलं तरी मानू नका आणि थंड म्हटलं तरी मानू नका."

एका मुलीनं विचारलं, "मग कोणाचं मानायचं?"

"जो एका जागी, सावलीत, रोज, वर्षानुवर्षं लिहीत बसला असेल त्याचं."

मॅडम म्हणाल्या, "आजोबा, तसं लिहिलेलं आहे. शास्त्रज्ञांनी फार वर्षं मोजलंय. निष्कर्ष त्यातूनच आलाय."

"असेल. मी कुठे नाही म्हणतो? ते कुठे मोजलं, कसं मोजलं, ते पोरांना दाखवा. पोरांच्या पंधरा दिवसांतून ते सिद्ध होतं असं कसं लिहायचं? पंधरा दिवसांतून एवढंच सिद्ध होतं की पत्र्याचं दार तापतं."

वर्ग पुन्हा हसला. मॅडमही हसल्या, पण मग त्यांनी नातीची वही हातात घेऊन शेवटचं पान उघडलं. माझ्या मनात आलं, गेलं पोरीचं प्रदर्शन. तिच्याकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात तीच उठली आणि म्हणाली, "मॅडम, मी दोन जागची तापमानं घेतली आहेत. दारावरचं आणि पेटीतलं. दाखवू?" आणि तिनं आपला आलेख उघडला. दोन रेघा, एक लाल, एक निळी, मध्ये हे एवढं अंतर. ती धडाधडा बोलत गेली. पेटी का, उत्तर का, उंच का. मी एवढं नीट तिला कधी सांगितलंही नव्हतं.

मॅडमनी शेवटच्या पानावरचं ते वाक्य स्वतःच्या पेननं खोडलं. म्हणाल्या, "हा प्रोजेक्ट प्रदर्शनात जाईल. पण नाव बदल. 'तापमान कसं मोजावं' असं काहीतरी लिही. आणि वेधशाळेचे जुने आकडे आणून शेजारी लाव, म्हणजे पृथ्वीचं काय ते त्यातून कळेल."

मला अजूनही सगळं पटलेलं आहे असं नाही. ते आकडे आले की मी आधी विचारणार आहे, मीटर कुठे टांगलं होतं. नातीनं सांगितलंय, विचारा, पण प्रदर्शन झाल्यावर.

प्रदर्शनाच्या दिवशी मी तिच्या टेबलाशेजारी दिवसभर उभा होतो. दोस्तालाही बोलावलं होतं, तो नातवंडांसकट आला. तक्त्यावर तिनं एका कोपऱ्यात माझा फोटो चिकटवला होता, आणि खाली सुरेख अक्षरांत लिहिलं होतं, 'साक्षीदार क्रमांक एक : माझे आजोबा. भरवशाचे नाहीत. कारण विचारा.'

लोक विचारत होते. मी सांगत होतो.