काकवी, कोळसा आणि हळद

माझ्या घरातून आजवर एकच नवरी निघाली आणि ती जमैकाची होती. कोणाच्या डोळ्यांत खुपत असेल तर खुशाल खुपू दे.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. जेद्दाच्या अल अझीझियात दुसऱ्या मजल्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. मी एका खाजगी इस्पितळात नर्स, नवरा एसीच्या कंपनीत फोरमन, आणि दहा वर्षांची एक मुलगी, जी मराठीतल्या हाकेला इंग्लिशमधून ओ द्यायची.

नवरी माझ्याच वॉर्डातली. हसली की शेजारच्या वॉर्डातले पेशंट जागे व्हायचे. तिचा होणारा नवरा स्कॉटलंडचा, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर इंजिनिअर. कागदावरचं लग्न दोघांनी देशाबाहेर जाऊन उरकलं होतं. पण ज्या शहरात भेटलो तिथे लग्नासारखं लग्न झालंच पाहिजे, हा तिचा हट्ट. जेवण आणि नाच त्याच्या कंपाउंडमध्ये, परदेशी लोकांच्या वसाहतीत, भिंतींच्या आत, हे ठरलं होतं. तिची अडचण वेगळीच होती.

"हॉस्टेलच्या बसमधून उतरलेली नवरी पाहिली आहेस कधी?" ती मला म्हणाली. "आमच्या गावाकडे मुलगी घरातून निघते. बायका केक डोक्यावर घेऊन चालतात. मला एका दिवसापुरतं घर देशील?"

मी हो म्हणून मोकळी झाले. नवऱ्याला नंतर सांगितलं.

सुका मेवा कित्येक आठवडे माझ्या लोणच्याच्या बरणीत मुरत पडला. त्यांच्याकडे तो रममध्ये मुरवतात. जेद्दात कुठली आलीय रम, आम्ही द्राक्षाच्या रसावर भागवलं. मग एका शुक्रवारी तिने माझ्या कढईत साखर जाळायला घेतली. साखर वितळली, तांबूस झाली, धूर निघायला लागला.

"अगं बाई, जळली की!" मी गॅस बंद करायला धावले.

तिने माझा हात बाजूला सारला. "अजून नाही. पार काळी व्हायला हवी. लग्नाचा केक काळाच असतो. फिका केक वाढला तर माझी आई समुद्र ओलांडून मला मारायला येईल."

माझी मुलगी खिडक्या उघडता उघडता खिदळत होती. केकच्या पुढे फुलांची परडी घेऊन चालायचा मान तिचा होता. त्यासाठी पांढरा फ्रॉक शिवून आला होता, आणि तो ती रोज शाळेतून आल्या आल्या अंगाला लावून आरशासमोर गिरक्या घ्यायची. नवरीची आई जवळ नाही, तेव्हा हळद मी लावणार, असं मी जाहीर करून टाकलं. इथवर सगळं झकास चाललं होतं.

मग खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याचे साहेब. शिवाय आम्हा आसपासच्या मराठी बायकांत वहिनींचा शब्द शेवटचा. हळदीचा बेत ऐकून त्या हसल्याच.

"तिला हळद लावणार? अगं, दिसणार कुठे ती? फुकट जाईल!"

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मी गिळलंही असतं. पण त्यांची नजर दाराला टांगलेल्या फ्रॉकवर गेली. "आणि हिला पांढरा? सावळ्या पोरीला पांढरा नाही गं खुलत, उलट सावळेपण जास्तच उठून दिसतं. गुलाबी तरी घ्यायचास. तुझ्या भल्यासाठीच सांगते हो."

पोरगी तिथेच टेबलापाशी गृहपाठ करत होती. तिने मान वर केली नाही.

वहिनी गेल्या आणि फ्रॉक कपाटात गेला, तोही अगदी तळाला, हिवाळ्याच्या चादरींखाली.

"आय ॲम नॉट गोइंग," ती म्हणाली.

"का गं?"

"एव्हरीवन विल लुक ॲट मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या स्वतःच्या हळदीला एक आत्याबाई भर मांडवात म्हणाल्या होत्या, "अजून लावा गं, हिच्यावर चढतच नाहीये!" सगळ्या हसल्या, त्यांच्यासोबत मीही हसले. ते माझं हसू आठवलं की अजून चीड येते. माझ्या पोरीनेही तसंच हसायला शिकायचं? मेले तरी नाही!

संध्याकाळी नवऱ्यापुढे सगळं ओकले. त्याने डोक्याला हात लावला. "अगं, साहेबांची बायको आहे ती. माझा इकामा रिन्यू व्हायला गेलाय, साहेबांनी मनात आणलं तर खलास, इथे राहायचा परवानाच गेला. लग्न करा, पण त्यांना उलटून बोलू नकोस."

"इकामा तुमचा आहे," मी म्हटलं, "पोरगी दोघांची आहे."

मी उरलेल्या भाकऱ्या जरा जोरातच थापल्या.

गुरुवारी, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी बैठकीतला सोफा भिंतीला लावून मी पाट मांडला. वॉर्डातल्या चौघीजणी आल्या, नवरदेवही आला. वहिनींना मी मुद्दाम बोलावलं होतं आणि त्या आल्याही. मराठी माणूस रुसतो, पण लग्न चुकवत नाही. मुलगी मात्र आतल्या खोलीत दार लोटून बसली होती. मी तिला ओढून आणलं नाही. जबरदस्तीने घातलेला फ्रॉक काय कामाचा?

नवरी माझं जुनं पिवळं पातळ गुंडाळून पाटावर बसली. मी हळदीत हात बुडवला आणि पायांपासून सुरुवात केली. पाय, गुडघे, खांदे, मग कपाळ. आणि काय सांगू, ती हळद अशी काही झळकली! माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढी पिवळीधमक हळद कोणाच्या अंगावर पाहिलेली नाही.

"वहिनी," मी त्यांच्याकडे वळून खणखणीत आवाजात म्हटलं, "खडू पाटीवर उठतो, पांढऱ्या भिंतीवर नाही."

वहिनींनी पदर सारखा केला. माझा नवरा छताकडे बघायला लागला. बघू दे.

आता नवरदेवाची पाळी. त्याच्या आजोळी एक रीत होती. लग्नाआधी वराचे पाय काजळीने माखायचे, धुवायचे, पुन्हा माखायचे. काळे झाल्याशिवाय बोहल्यावर चढू देत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्याने नवरीला आधीच बाजूला घेऊन विचारलं होतं, तुला चालेल ना, भलताच अर्थ निघायला नको. तिने त्याला झापलं होतं, "माझा केक काळा चालतो, मग तुझे पाय का नाही?"

काजळी चिकटायला त्यांच्याकडे उसाची काळी मळी वापरतात. ती शोधत तो दुकानं पालथी घालत होता. मी म्हटलं, थांब. गावाहून आणलेली काकवीची बाटली काढली, त्यात शेगडीचा कोळसा कुटून मिसळला. तो स्टुलावर बसला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पाय असे पांढरेफटक, की माझ्या नवऱ्यालाही हसू आवरेना.

"हे माखायचं कोणी?" मी विचारलं.

"नवरीच्या घरातल्या धाकट्या मुलीने," तो म्हणाला.

नवरीने मान वळवून आतल्या दाराकडे पाहिलं. "माझ्या घरात एकच मुलगी आहे," ती मोठ्याने म्हणाली.

मी वाडग्यातली काकवी उगीच ढवळत राहिले. मग दार किलकिलं झालं. घरातल्या विटक्या कपड्यांत, डोळे सुजलेले, अशी ती बाहेर आली आणि त्याच्या पायांपुढे बसली.

"काळंच का?" तिने त्याला इंग्लिशमध्ये विचारलं.

"नजर लागू नये म्हणून, असं आजी सांगायची," तो म्हणाला. "आणि हे बघ. असले फिके पाय घेऊन कोणी लग्नाला जातं का?"

तिने त्या पायांकडे नीट पाहिलं. मग दोन्ही हात वाडग्यात घातले, पार मनगटांपर्यंत. एक पाय माखला, दुसरा माखला, माझ्या नवऱ्याने तांब्याने पाणी घातलं, तिने पुन्हा माखला. फरशीचा सत्यानाश झाला. माखून झाल्यावर नवरी पाटावरून उठली, आपल्या गालाची हळद बोटांवर घेतली, आधी त्याच्या काळ्या पावलांना लावली आणि मग माझ्या लेकीच्या दोन्ही गालांना. नवरीची उष्टी हळद. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मला रडू फुटलं, ते मी लपवलं नाही.

पोरगी उठून आत गेली. चादरी उपसल्याचा आवाज आला.

निघताना सगळ्या बायकांनी अंगभर झाकणारे अबाये चढवले. नवरीच्या झग्यावर काळा अबाया, माझ्या पैठणीवर काळा अबाया, वहिनींच्या गुलाबी शालूवरही काळाच. पांढऱ्या जाळीने झाकलेला केक मी डोक्यावर घेतला, कारण तो मान आईकडच्यांचा. जिना उतरून आम्ही गल्लीत आलो; कंपाउंडला न्यायच्या गाड्या टोकाला उभ्या होत्या. दहा वर्षांच्या मुलीला अबाया लागत नाही, त्यामुळे त्या अख्ख्या गल्लीत पांढरा झगा घातलेली बाई-मुलगी एकच होती. ती परडी घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी होती आणि बाकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, दारातली माणसं तिच्याकडे बघत होती. फ्रॉकच्या पाठीवर कोळशाचा पंजा उमटला होता. नाडी बांधताना उमटला असणार.

"अगं अगं, फ्रॉकला केवढं काळं लागलंय!" वहिनी मागून ओरडल्या. "धावत जा, बदलून ये!"

तिने मागे वळून पाहिलं. गालांवर हळद तशीच होती.

"असू दे, काकू," ती मराठीत म्हणाली. "मीच लावलंय."

आणि ती चालायला लागली.