आबांचा कॅमेरा आणि रघुनाथराव

आमच्या संस्थानी शहरातल्या लष्कर नावाच्या पेठेत, महाराज बाड्याजवळ आबांचा फोटो स्टुडिओ होता, तिथे मी रिटचिंग करायचो. चार म्हातारे जमले की मला तिथले किस्से सांगायला लावतात, आणि दरवेळी एखादा नवाच आठवतो.

आबा पोटासाठी लग्नाचे फोटो काढत आणि जिवासाठी रघुनाथरावांचे. रघुनाथराव संस्थानच्या फौजेत होते. संस्थान विलीन झालं, फौज मोडली, ते कारकून झाले. दोघं स्टुडिओच्या वरच राहत. रघुनाथरावांचे फोटो अंगावर सूत नसताना निघत, कधी गच्चीवर, कधी रिकाम्या रस्त्यात. अशा नात्याला आमच्याकडे चांगला शब्द नव्हता. माणसं मात्र फार चांगली होती.

*

एक फोटो आबांना शोकेसमध्ये लावायचा होता, म्हणून मी ब्रशने त्यावर लंगोट रंगवला. दुसऱ्याच दिवशी तालमीचे उस्ताद तावातावाने आत शिरले. म्हटलं, आता आपली धडगत नाही.

"गाँठ सामने कौन बाँधता है? शहर में हमारी नाक कटवाओगे?"

मी मुकाट्याने गाठ खोडली.

*

गच्चीवर फोटो चालला होता. शेजारच्या गच्चीवर जोगकाकू पापड वाळत घालायला आल्या. रघुनाथराव जागच्या जागी थिजले. काकूंनी एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि म्हणाल्या, "आबा, तो रिकामाच उभा आहे ना? त्याला कावळे हाकलायला सांगा."

*

फूलबागेत थंडीच्या पहाटे हवालदाराने दोघांना पकडलं. आबांनी ठोकून दिलं, "नई सरकार पुतला बनवा रही है, उसका नमूना है."

हवालदाराने नमुना नीट न्याहाळला. "सरकार नई है, मगर कपड़े तो देती!" म्हणाला, आणि स्वतःचं कांबळं रघुनाथरावांच्या अंगावर टाकून निघून गेला. ते परत करायला ठाण्यावर जायची आमची काही हिंमत झाली नाही.

*

मग राज्याची पुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला गेली, दफ्तरांमागून कारकूनही निघाले. रघुनाथरावांची बदली आली. आबांनी दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. मला ते बघवेना.

ज्याला कुटुंबाची अडचण, त्याने अर्ज करावा आणि कुटुंबाचा फोटो जोडावा, असा हुकूम होता. निम्म्या लष्करातल्या बायका-मुलांचे फोटो आमच्याकडेच निघाले. शेवटी एका दुपारी आबा स्वतः रघुनाथरावांशेजारच्या खुर्चीत बसले. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस, हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना. शटर मी दाबलं. दोघांचा मिळून तेवढा एकच फोटो.

कचेरीत मी सोबत गेलो. तिथले हेडक्लार्क, बडेबाबू, आपल्यातलेच मराठी, सोवळ्याओवळ्याचे. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"कुटुंब म्हणजे बायको, मुलं, आईवडील. हे तुमचे कोण?"

रघुनाथराव म्हणाले, "साहेब, मी घरी पोचेपर्यंत हे जेवत नाहीत."

बडेबाबूंनी फोटो टाचणीने अर्जाला लावला, खाली 'बदली रद्द' असा शेरा मारला आणि मान वर न करता म्हणाले, "मग बसलात काय? दोन वाजून गेलेत."