मधल्या जागेवर कोण?

त्या दिवशी हॉस्पिटलच्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते. माझी मुलगी सुनंदा, जावई अमोल, टीममधला नागपूरचा गिरीश, मी, आणि पलंगावर मास्तर. मास्तर म्हणजे अमोलचे वडील, माझे व्याही. दुपारची वेळ होती, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. नर्स नळ्या बघून गेली आणि मास्तरांनी मला हातानं जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी मागतायत. तर म्हणाले, "विहीणबाई, या वर्षी मधल्या जागेवर कोण?" मी म्हणलं, "सुनंदाच की." ते म्हणाले, "तिचं वय झालं आता." मी म्हणलं, "तिची आई बहात्तरची आहे, तिचं काय वय झालं." हसले. गिरीश पण हसला. मग डोळे मिटून पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी पोहे खात होतो तर फोन आला...

त्याला सात आठवडे झाले. मला सही येते आणि आकडे येतात, त्याच्या पुढं शाळा झाली नाही. म्हणून मी सांगते आणि सुनंदा लिहून घेते. मधे मधे ती थांबते, नाक पुसते, मी तिला म्हणते लिही गं, चहा गार होतोय.

हे मधली जागा काय प्रकरण आहे ते सांगायला पाहिजे. इथं अमेरिकेत डब्लिनला आमच्या मराठी मंडळाची बेसबॉलची टीम आहे, बाया आणि बाप्ये एकत्र. त्यातला चेंडू जरा मोठा असतो, त्या खेळाचं नाव वेगळं आहे म्हणे, पण आमच्या घरात बेसबॉलच म्हणतात. सगळी कंप्युटरवाली माणसं, क्रिकेट खेळून मोठी झालेली. पहिल्या वर्षी तर चेंडू मारला की बॅट हातात घेऊनच पळायची, समोरचे अमेरिकन हसून हसून बेजार. मास्तर पुण्याला शाळेत गणित शिकवायचे, रिटायर होऊन इथं आले. नियमांचं पुस्तक आणून त्यांनी ते पाठ केलं. मग मंडळानं त्यांनाच टीम सांभाळायला दिली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी चहा पण घेतला नाही, कागदावर पहिला नियम लिहिला आणि फ्रिजवर लावला. एका घरातला एकच माणूस मैदानात. कोणी म्हणायला नको की मास्तरानं आपल्या घरच्यांना घुसवलं. कोणी म्हणत नव्हतं. पण मास्तरांचा स्वभाव तसा.

आता त्यांच्या घरात खेळणारी दोन. मुलगा अमोल आणि सून सुनंदा. आणि दोघांना हवी होती एकच जागा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे एक जण उभा असतो, त्याला शॉर्टस्टॉप म्हणतात. उजव्या हाताची माणसं जास्त, त्यांचे चेंडू तिकडंच जास्त येतात, सरपटत, उड्या मारत, कसेही. बाकीच्या जागा मास्तरांनी वाटून टाकल्या होत्या, आणि दिलेली जागा काढून घेतली तर मंडळात सहा महिने रुसवे. तेव्हा ही एक जागा, आणि घरातली दोन माणसं. अमोल बॅट फिरवायचा की चेंडू कुंपणापर्यंत जायचा. सुनंदाच्या बॅटीत जोर नाही. मास्तरांनी फार विचार केला नाही, अमोलला उभा केला. सुनंदा शनिवारामागून शनिवार बाकावर बसली, पाण्याच्या बाटल्या भरत.

मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. पोरगी माझी म्हणून नाही... तिचे हात मला माहीत होते म्हणून. ती सहा वर्षांची असताना तिचा बाप तापानं गेला. मी पुण्यात बांधकामावर बिगारी काम करायची. विटा वर चढवायच्या तर खाली एक बाई उभी राहते, ती दोन दोन विटा वर फेकते, बांबूच्या परांचीवरची झेलते आणि तिच्या वरच्या बाईकडं देते. मी मधली. मधलीला खालून येतं आणि वर द्यायचं असतं, तिला बघायला पण वेळ नसतो. जोर लागतो तो खालच्या बाईला, मधलीला नुसते हात लागतात. सुनंदा नऊ वर्षांची झाली तेव्हापासून सुट्टीत माझ्याबरोबर यायची. नको म्हणलं तरी यायची. पहिल्या दिवशी बोटं सोलली, दुसऱ्या दिवशी चिंध्या बांधून आली, आठवड्यानं माझ्यापेक्षा बरी झेलायला लागली. वीट पडली तर सगळे वर बघायचे, मुकादम शिव्या द्यायचा. दिवसभर एक पण पडली नाही तर संध्याकाळी कोणी विचारत नव्हतं. पुढं ती शिकली, स्कॉलरशिपवर इंजिनीअर झाली, तिथंच अमोल भेटला. लग्नाच्या बैठकीत मी घाबरून गेले होते, मास्तर मंडळी काय काय मागतील. मास्तर म्हणाले, "आम्हाला काही नको, फक्त चारचा चहा चारला द्या." मी पावणेचारलाच दिला. तेव्हापासून त्यांचं माझं जमलं.

तर त्या उन्हाळ्यात दर शनिवारी सकाळी आम्ही दोघं घडीच्या खुर्च्या घेऊन मैदानाच्या कडेला बसायचो. मास्तरांच्या हातात वही. कोणी चेंडू मारला, कोण सगळे बेस पळून घरी पोचलं, किती रन आले, सगळं वहीत. माझ्या पदरात भाजलेल्या शेंगा. एका शनिवारी सुनंदा गाडीत म्हणाली, "आई, पुढच्या वेळेपासून मी येत नाही. घरी बसून कपडे धुवेन." अमोल समोर रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिला. मास्तर पण खिडकीतून बाहेर बघत बसले.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. मी गेले. आणि शेंगा खाता खाता टरफलं मोजायला लागले. साइटवर मुकादम प्रत्येक घमेल्याला एक खडा ठेवायचा, तसंच. अमोलकडं चेंडू आला आणि त्यानं धरला तर टरफल डाव्या पायाशी, सुटला तर उजव्या पायाशी. खेळ संपला, मास्तर वही मिटायला लागले. मी म्हणलं, "मास्तर, हे पण बघा." डाव्या पायाशी सात, उजव्या पायाशी सहा. त्यांनी विचारलं हे काय. मी सांगितलं. ते थोडा वेळ माझ्या पायांकडं बघत बसले, आणि लोकांना वाटलं माझा पाय मुरगळला, गिरीश बर्फ घेऊन आला.

मग त्यांनी हिशेब मांडला, आता त्यांच्या पद्धतीनं. अमोलनं बॅटीनं चार रन आणले. त्याच्याकडून सुटलेल्या सहामधून समोरच्यांचे पाच घरी पोचले. "चार आणले, पाच दिले," असं स्वतःशीच म्हणाले. मी म्हणलं, मग झालं की. तर नाही. एका शनिवारावरून ठरत नाही म्हणे, आणखी दोन बघू. आणि सुनंदा तिथं उभी राहिली तर तिच्याकडून पण सुटतील, आणि ती चार आणणार नाही, ते पण धरायला पाहिजे. गणिताचा माणूस. दोन शनिवार मी शेंगा खाल्ल्या, पोट बिघडलं. आकडे थोडे हलले पण हिशेब तोच राहिला. मग एका संध्याकाळी त्यांनी सुनंदाला मागच्या अंगणात उभं केलं आणि स्वतः बॅट घेऊन तिच्याकडं वीस चेंडू मारायला घेतले, सत्तरीचा माणूस, धोतराची सवय असलेला, हाफ पँटीत. अठरा तिनं धरले. एकोणिसावा शेजाऱ्याच्या बागेत गेला, विसावा मास्तरांना मारताच आला नाही, ते दमून गवतावर बसले.

दुसऱ्या दिवशी चहाला त्यांनी अमोलला सांगितलं की शेवटच्या मॅचला तू बाकावर. अमोलचा चेहरा पडला. तो म्हणाला, "बाबा, मॅच रननी जिंकतात." मास्तर म्हणाले, "आणि रननीच हरतात." अमोल म्हणाला, मग तो एका घराचा नियम काढा, दोघं खेळू, प्रश्नच मिटला. मास्तर म्हणाले, नियम मी केला, आता माझ्याच पोरासाठी मी मोडू? अमोल उठून गेला. घरात दोन दिवस कोणी नीट बोललं नाही. सुनंदा मला म्हणाली, "आई, माझ्यामुळं बापलेकात नको." मी तिला म्हणलं, तू चेंडूकडं बघ, घराकडं मी बघते. म्हणलं खरं, पण मला पण झोप लागली नाही. तिच्या हातून सुटला असता तर मास्तर तोंडावर पडले असते, आणि ती पुन्हा कधी त्या मैदानात गेली नसती. हे मला माहीत होतं.

शेवटची मॅच ज्यांच्याशी होती त्यांनी आधी आम्हाला फार मारलं होतं. सुनंदा मधल्या जागेवर उभी राहिली, वाकून, हात खाली सोडून. परांचीवर उभी राहायची तशीच. तिच्याकडं चौदा चेंडू आले, मी मोजले. तेरा धरले. एक तर असा आला की तिनं पडता पडता उलट्या हातानं अडवला आणि बसल्या बसल्या पहिल्या बेसकडं फेकला. मास्तरांनी माझा हात घट्ट धरला, मग लक्षात आल्यावर लगेच सोडला, म्हणाले, "माफ करा विहीणबाई." मी म्हणलं, "शेंगा सांडल्या तुमच्यामुळं."

समोरच्यांचे चार रन झाले, आमचे तीन. शेवटी आमची दोन माणसं बेसवर उभी, आणि बॅटीला आली सुनंदा. झालं काय, चेंडू तिच्या बॅटीला लागून पोळी उलटावी तसा हळूच वर गेला, समोरच्या बाईनं अलगद धरला. खेळ खलास. एका रननं हरलो.

गिरीश मनाचा चांगला आहे पण जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "मास्तर, सुनेच्या मायेपायी मॅच घालवली ना यार. अमोल असता तर कुंपणाबाहेर होता तो." मास्तर वहीत बघत राहिले. सुनंदा ग्लोव्ह काढत होती, तिची बोटं लाल झाली होती. अमोल बॅटा गोळा करत होता. तो तसाच वाकलेला, वर न बघता म्हणाला, "याच लोकांनी मागच्या वेळी आपल्याला सोळा मारले होते, गिरीश. तिथं मी उभा होतो." मग बॅटांची पिशवी खांद्यावर टाकून गाडीकडं गेला. सुनंदाची बाटली पण त्यानंच उचलली.

मास्तर घरी येऊन वही घेऊन बसले. पट्टी घेतली, पानावर एक नवी उभी रेघ मारली, आणि वर काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय लिहिलंत. म्हणाले, "झालं नाही ते." म्हणजे जो चेंडू सुटला असता पण सुटला नाही, त्याचं त्या रकान्यात लिहायचं. बॅटीनं मारलेला सगळ्यांना दिसतो, टाळ्या पडतात, पण अडवलेला घरी जाईपर्यंत लोक विसरून जातात. त्यानंतर तीन उन्हाळे आम्ही तसंच बसलो. मी टरफलं टाकायची, खेळ संपला की सांगायची, ते लिहायचे. माझ्यावर विश्वास होता पण दर वेळी एकदा टरफलं स्वतः मोजून बघायचे. मागच्या वर्षी आमची टीम दुसरी आली. सुनंदाची बॅट अजून तशीच. अमोल बाकावरून एवढ्या जोरात ओरडतो की पंचानं त्याला दोनदा गप्प बसवलं.

आता टीम अमोल सांभाळतो. मंडळाच्या मीटिंगमधे गिरीशच म्हणाला, तो एका घराचा नियम काढून टाकू आता. अमोल म्हणाला, फ्रिजवर आहे तोवर राहू दे. कागद पिवळा झालाय, मी परवा त्याला नवीन चिकटपट्टी लावली.

खेळ परत सुरू झाला आहे. दोन शनिवार झाले. मी दोन्ही खुर्च्या नेते, सवयीनं. त्यांच्या खुर्चीवर वही ठेवते आणि वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून वर चष्म्याचं घर. अमोल तिसऱ्या बेसपाशी रेघेबाहेर उभा राहून आपल्या माणसांना पळा-थांबा सांगत असतो, सुनंदा मैदानात, वहीत लिहायला कोणी नाही. मला आकडे येतात, पण कोणता चेंडू, कोणी मारला, कसा अडवला, ते लिहिता येत नाही. म्हणून मी दोन्ही शनिवारची टरफलं पिशव्यांमधे घालून घरी आणली. धरलेल्यांच्या पिशवीला लाल दोरा, सुटलेल्यांच्या पिशवीला पांढरा. सुनंदा आधी हसली आणि मग बाथरूममधे जाऊन बसली. पण टरफलांच्या पिशव्या किती साठवणार... उन्हाळा मोठा आहे.

तर तुमच्यापैकी कोणी डब्लिनजवळ राहत असेल आणि शनिवारी सकाळी मोकळं असेल तर या. बेसबॉल कळला पाहिजे असं काही नाही, मला पण सगळा कळत नाही. मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत लिहा, नंतर मला वाचून दाखवा म्हणजे झालं. खुर्ची आहे, वही आहे, पेन मास्तरांचंच आहे आणि चांगलं चालतं. शेंगा मी भाजून आणते. मी सांगेन, तुम्ही लिहा.