कुलूप लावलेल्या घरातली चूल

त्या दुष्काळात मी देवीशी बोलणं टाकलं होतं. कारणही तसंच होतं. आम्ही नवरा-बायको दूरच्या एका सहकारी साखर कारखान्याकडे ऊस तोडायला गेलो होतो आणि तिथे आमच्या पोरीला चार पावलं चालली तरी धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, काळजाला छिद्र आहे, ऑपरेशन लांबवू नका, सरकारी योजनेत ते फुकट होईल. पण योजनेला चालू रेशनकार्ड लागतं आणि आमचं बंद झालेलं. गावात पडताळणी झाली तेव्हा आमच्या दाराला कुलूप होतं, म्हणून आम्ही गाव सोडलं असं धरलं गेलं. दिवाळी झाली की आमची अख्खी गल्ली तोडीला जाते, हे गेवराईच्या कचेरीतल्या शिपायालाही माहीत होतं; नियमाला तेवढं माहीत नव्हतं.

नवरा पोरीपाशी दवाखान्यात थांबला आणि मी एकटीच तलवाड्याजवळच्या आमच्या गावी परतले. तलाठी भाऊसाहेब घर बघून अहवाल देणार होते. घरात राबता दिसला तर कार्ड चालू होणार, नाहीतर पोरीचं ऑपरेशन राहिलं. भर दुपारी मी आणि भाऊसाहेब गल्लीत शिरलो. दारोदार बाभळीच्या काट्या लावलेल्या, माणूस नाही की कुत्रं नाही. मला मनातून ठाऊक होतं, आत धूळ आणि कोळिष्टकंच असणार. आता तरी तुझं देवपण दाखव, असं मी देवीला मनातल्या मनात टोचून बोलले.

दारासमोर येताच भाऊसाहेब थबकले. घरात कोण आहे, म्हणून त्यांनी विचारलं. मी कुणी नाही म्हणाले, आणि तेवढ्यात मलाही ऐकू आलं. आत कुणीतरी भाकरी थापत होतं. सावकाश, रोजचंच काम असल्यासारखं. कुलूप बाहेरून होतं, किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात होती आणि घराला दुसरं दार नव्हतं. दोरा गळ्यातून काढून मी किल्ली लावली. कुलूप निघालं तसा आवाज थांबला.

आत कुणीच नव्हतं. जमीन ओली सारवलेली होती, चुलीत निखारे होते. गावात टँकर यायची मारामार, पण आमचा रांजण काठोकाठ भरलेला होता. परातीतल्या पिठावर बोटं उमटली होती, माझ्या बोटांपेक्षा बरीच लांब. भाऊसाहेबांनी मागे जाऊन उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मग चुलीवरच्या तव्याकडे बघत त्यांनी कागद उघडला.

"बाई, हितं राबता हाय असं मी लिवतो," ते हळू आवाजात म्हणाले. "पन कोनाचा, ते मला इचारू नका."

कार्ड चालू झालं, ऑपरेशन झालं. पोर आता शाळेत पळत जाते, हाका मारल्या तरी थांबत नाही. गावात मी पुष्कळांना विचारलं, कुणाला काही ठाऊक नव्हतं. मग विचारणंही सोडलं. आधी मी देवीकडे प्रत्येक गोष्टीचा जाब मागायची. आता ती देईल ते घेते, आणि खरं सांगायचं तर तिला थोडी भिऊनही असते. तोडीवरून परत आलो की अजूनही कुलूप मीच काढते. पण आधी बाहेरून हाक देते आणि आत जे कुणी असेल, त्याला आवरायला थोडा वेळ देते.