बोट लागणारे सर

आमच्या सरांना बोट लागायची. थोडीथोडकी नव्हे, बंदर सुटलं की परत बंदर दिसेपर्यंत. तरीही नौदलाच्या जहाजावर आमच्या खात्यातून कोण जाणार, असं विचारलं की पहिला हात त्यांचाच वर. मला म्हणायचे, "पोट हलंना का रं, हात हलला न्हाई म्हंजी झालं."

आमचं खातं अमली पदार्थांची तस्करी रोखणारं. भर समुद्रात बोट अडवायची ती नौदलानं. पण झडती, पंचनामा, अटक हे सगळं कोर्टात टिकावं म्हणून आमची माणसं जहाजावरच असतात. सर जतकडचे, टँकरची वाट बघत वाढलेले. मी मलकापूरचा, घरातला पहिला पदवीधर. पहिल्याच सफरीला त्यांच्या हाताखाली पडलो, हे माझं भाग्य.

जहाजावर शिरवळचा एक नौसैनिक होता. सर कठड्यावरून वाकले की तो हमखास ओरडायचा, "आवं साहेब, समुद्राला किती खत घालताय? पीक यील की!"

"यीऊ दे गड्या," सर तोंड पुसत म्हणायचे, "आमच्याकडं पाण्यावाचून अडलंय. हितं पाणी तरी हाय."

अडवलेल्या बोटीवरच्या खलाशांशी ते कधी अरेतुरेनं बोलले नाहीत. मी एकदा आवाज चढवला, तर बाजूला घेऊन म्हणाले, "धरायचं तर धर. हिडीसफिडीस कशाला? शिक्षा द्याया कोर्ट हाय."

एका सकाळी, खबर मिळाली होती अगदी तशीच मासेमारीची बोट दिसली. लाटा मोठ्या होत्या. सरांना पोहता येत नव्हतं. झुलत्या दोराच्या शिडीवरून ते पांढऱ्याफटक चेहऱ्यानं त्या बोटीवर उतरले. नौसैनिकांनी बर्फाचा कप्पा, इंजिनाची खोली, जाळी, सगळं उलथंपालथं केलं. पाण्याची टाकी ठोकली, ती भरल्यासारखी वाजली. हाती काहीच नाही. वारा वाढत होता. वायरलेसवर कप्तानांचा निरोप आला : काही नसेल तर बोट सोडा, परत या.

ती सुटली असती, तर तिच्यातलं विष कुठल्या तरी गावातल्या पोरापर्यंत पोचलं असतं. मी सरांकडे पाहिलं. ते खलाशांकडे बघत होते. शिरवळकरानं नुकतीच पाण्याची बाटली उघडली होती.

"त्यांची नजर बघ," सर हळूच म्हणाले. "बाटलीसंगं फिरतीया. व्हट फुटल्यात. टाकी भरल्याली, आन माणसं तान्हेली?"

मी झाकणाकडे धावलो, तर त्यांनी मनगट धरलं. "आदी पाणी."

"सर, वेळ नाही! परत बोलावतायत."

"टाकी कुटं पळून जातीया? ह्यो म्हातारा जाईल."

सुकाणूपाशी म्हातारा तांडेल, त्या बोटीचा प्रमुख, मान टाकून बसला होता. सर स्वतः धड उभे राहू शकत नव्हते; त्यांनी त्याच्याशेजारी बसकण मारली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन घोटघोट पाणी पाजलं. तो अधाशासारखा ओढायचा, हे बाटली मागे घ्यायचे. "दमानं, बाबा, दमानं." त्याला मराठी येत नव्हती, पण तो ऐकत होता. सगळ्यांचं पाणी पिऊन झाल्यावर टाकी उघडली. आत थेंब नव्हता. काळ्या प्लास्टिकची पाकिटं ठासून भरलेली. प्यायच्या पाण्याची जागा मालानं घेतली होती आणि बरोबर घेतलेले पाण्याचे कॅन केव्हाच संपले होते. पंचनामा सांगता सांगता सर मध्येच उठून कठड्याकडे जायचे, परत येऊन तुटलेलं वाक्य जिथल्या तिथे पुढं जोडायचे. त्याच तांडेलाला त्यांनी अटकही केली. अटकेचं कारण, त्याची भाषा येणाऱ्या एका नौसैनिकाकरवी, शांतपणे समजावून.

पुढे सर निवृत्त होऊन गावी गेले. परवा माझ्या एकट्याच्या जबाबदारीवर पहिली बोट पकडली. माल भरपूर सापडला. बंदराला लागताच त्यांना फोन केला, तर माल किती, हे त्यांनी विचारलंच नाही.

"माणसं समदी जित्ती हायती न्हवं?"

"व्हय सर," मी म्हणालो, "समदी."