पिवळ्या दगडांच्या आत

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात चहाचे पैसे दिले नाहीत, तो सकाळी सकाळी तिघांच्या मिसळीचे पैसे देतो, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. थेरगावचा आमचा हा मित्र. घरची शेती इमारतींखाली गेली. आता तो खोल्या भाड्यानं देतो आणि उरलेला वेळ जमिनींच्या गप्पा मारतो. चाकणच्या पुढं, भामा नदीच्या अंगाला एक डोंगर आहे, रविवारी चढू, ही टूम त्याचीच. आणि डोंगर चढायला साहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. आपल्याकडे असा शर्ट लग्नाला निघतो, नाहीतर प्लॉट दाखवायला. म्हटलं, झालं, आज आपण गिऱ्हाईक. ही दोस्ती आहे की धंदा, एवढं मला त्या दिवशी जाणून घ्यायचंच होतं.

तिसरा हिंजवडीत आयटीवाला. कंपनीच्या कॅबमधून उतरून लिफ्टमध्ये शिरायचं, एवढंच त्याचं चालणं. त्यानं कोरे करकरीत बूट घेतले होते, पॉवर बँका आणल्या होत्या. पाण्याचं विचारलं, तर म्हणाला, "वर मिळेल ना राव." मी महाळुंग्याच्या एका कारखान्यात कामाला. माझ्याकडे एकुलती एक बाटली होती, आणि मिसळीच्या तिखटानं ती पायथ्यालाच अर्धी झाली. असले आम्ही शहाणे, एप्रिलच्या उन्हात डोंगराला लागलो.

चढताना थेरगावकर डोंगर बघेचना, जमिनीकडेच नजर. मधेच थांबून म्हणे, "हितं घर आसंल तर वारं कसलं भारी लागंल, न्हाई?" मी नुसतं हं केलं आणि पगाराचा विषय निघू नये म्हणून पुढं चालायला लागलो.

माथ्याच्या अलीकडं एक सपाटी लागली आणि तिथं वाट करवंदीच्या जाळ्यांत विरून गेली. मोबाईलला रेंज नाही. हिंजवडीकर वेफर्सचं पाकीट संपवत होता, तेवढ्यात मला पिवळा रंग मारलेला एक दगड दिसला. पुढं आणखी एक. आमच्या कारखान्यात पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चालायचं, पाऊल बाहेर पडलं की सुपरवायझर खेकसतो. ते आता अंगातच भिनलंय, पिवळं दिसलं की पाय आपोआप तिकडं वळतात. मी छाती काढून म्हणालो, "चला, ट्रेकवाल्यांनी खुणा करून ठेवल्यात." हिंजवडीकर निमूट मागं आला. थेरगावकर दगडाकडं जरा बघत राहिला आणि तोही निघाला.

दगडामागून दगड. पुढं तर असा उतार, की बसून घसरायचं. मग कातळ, मग पुन्हा जाळ्या. पाणी संपलं. हिंजवडीकरानं कच्ची करवंदं चघळली, तर चिकानं ओठ चिकटले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही एका सपाटीवर पोचलो, आणि तिथं वेफर्सचं रिकामं पाकीट पडलेलं. आमचंच.

ते दगड वाटेचे नव्हतेच. जमिनीच्या तुकड्याची हद्द होती ती. आम्ही तिला आख्खी प्रदक्षिणा घालून परत आलो होतो.

हिंजवडीकर मटकन खाली बसला. त्याला घाम यायचा थांबला होता आणि तो काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. मी घाबरलो, खरंच घाबरलो. थेरगावकरानं शर्ट काढून त्याच्या डोक्यावर टाकला, बगलेत हात घालून त्याला उभं केलं आणि म्हणाला, "गुरांच्या वाटंनं उतरू. शेण ताजं हाय, खाली पानी आसनार." उतरलो. ओढ्याच्या एका डबक्यात गढूळ का होईना, पाणी होतं. डोक्यावर ओतलं, पाजलं. बऱ्याच वेळानं हिंजवडीकरानं डोळे नीट उघडले आणि विचारलं, "रेंज आली का?"

मग मात्र माझा तोल सुटला. जमिनीच्या गप्पांत जन्म गेलेल्या माणसाला हद्दीचे दगड कळू नयेत? "तुला दगड माहीत होते, उतरायची वाटही माहीत होती. हा मेला असता! कुणाचा प्लॉट आमच्या गळ्यात मारतोयस?"

"माझाच हाय," तो म्हणाला. पाण्याकडं बघत.

"थेरगावातली शेवटची पट्टी इकून घेतला. एजंटानं गाडीतनं लांबनं दाखिवला. मला वाटलं, ती सपाटी आपली. हद्दीवरनं चालल्याबिगर कसं कळनार? सपाटी दगडाच्या भाईर हाय, भावा. आत निस्ता कडा हाय."

"मग आम्हाला कशाला आणलंस?"

"मनात धाकधूक व्हती. एकट्याच्यानं बघवंना."

एवढं ऐकूनही माझ्या मनात आलंच, की आता हा म्हणेल, अर्धा तू घे. तो तसं काही म्हणाला नाही. मला माझीच किळस आली.

खालच्या गावात चहाच्या टपरीवर रेंज आली आणि त्याच्या आईचा फोन आला. तो "व्हय आई, बघितली" एवढंच बोलला. त्यानं फोन माझ्या हातात कोंबला.

"तू बी बघितलीस नव्हं?" काकू विचारत होत्या. "ह्यो मला काय बी सांगतो. तू खरं सांग. वांगी लावाय व्हतील का तितं?"

माणूस शेवटची जमीन विकतो, तेव्हा घरातल्या कुणाची तरी समजूत काढावी लागते. त्यानं कुणाची काढली होती, ते मला तेव्हा कळलं.

"चांगली आहे जागा, काकू," मी म्हणालो. "वारा भरपूर आहे."

"मग मला कवा नेताय?"

थेरगावकर कपातल्या चहाकडं बघत होता. मी फोन हिंजवडीकराकडे दिला.