शेवटच्या गाण्यातलं आडनाव

हाती लागलेल्या एकुलत्या एक टेस्ट प्रेसिंगवर मी भांड्यांच्या दुकानात जाऊन स्वतःचं नाव कोरून घेतलं.

टेस्ट प्रेसिंग म्हणजे रेकॉर्डचा सगळा माल काढण्याआधी कारखाना आवाज तपासायला ज्या मोजक्या प्रती काढतो, त्यातली एक. लेबल पांढरंफटक, त्यावर ना बँडचं नाव ना गाण्यांची. उज्जैनमध्ये रॉकच्या साध्या रेकॉर्डचीही मारामार. कॅसेटमागून सीडी आल्या तशी दुकानं जुना माल फुंकायला लागली, आणि मी दर सुट्टीला त्या ढिगांत बोटं काळी करून भजनं घेऊन परतायचो. वर्षानुवर्षं हेच. मग एकदा ही सापडली. दुकानदार म्हणाला, "इसमें कुछ भरा ही नहीं है. कोरी है, ले जाओ."

घरी लावली. सत्तरच्या दशकातला खणखणीत रॉक. आता धास्ती होती ती इंदूरच्या मित्राची. त्यालाही हाच नाद. ऐकायला म्हणून नेतो आणि परत मागितली की म्हणतो, "ही तर माझीच." तो रविवारी येणार होता. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय वाटीसुद्धा शेजारी जात नाही. शिवाय लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत खुद्द कारखान्यानंच काही आकडे कोरलेले दिसले. त्यांना चालतं, तर मला का नाही?

नाव घालणाऱ्यानं मशीन सुरू करत विचारलं, "किसकी तरफ से लिखूँ? शादी में देना है?"

"नहीं भैया, मेरा ही. पूरा. पिताजी के नाम के साथ."

हाच हावरटपणा नडला. पट्टी गोल, आणि तो डब्यावर लिहितो तसा सरळ रेघेत लिहीत सुटला. मी पट्टीत मावलो, वडील काठावर आले आणि आडनाव थेट शेवटच्या गाण्यात शिरलं.

मऊ फडक्यानं पुसून पाहिलं, साबणानं धुऊन पाहिलं. सुई आडनावाशी आली की टक् करून मागे उडी मारायची, तीच ओळ पुन्हा, पुन्हा टक्.

रविवारी मित्रानं ते शांतपणे ऐकलं. मग रेकॉर्ड उचलून खिडकीपाशी नेली आणि तिरकी धरून माझं नाव वडिलांसकट वाचलं. नेऊ का, असं काही त्यानं विचारलं नाही.

"नाव घातलंस ते बरं केलंस यार," तो म्हणाला. "हा गाढवपणा कुणाचा, ते विचारत फिरायला नको."